जळून शिकलेली भाषा

लोक मला विचारतात, छायाताई, किडन्या गेल्या असताना तुम्हाला स्वीडिश शिकायचं कसं काय सुचलं? आमच्या हेडमास्तरांनी तर एकदा परिपाठाला मुलांपुढं उभं करून सांगितलं की जिद्द असावी तर अशी. जिद्द कसली डोंबलाची. मी जळून शिकले. सख्ख्या धाकट्या बहिणीवर जळून.

आजारपणावर लिहिणारे धीराचं लिहितात, देवाचं लिहितात, सकारात्मक विचारांचं तर फारच लिहितात. पोटातल्या मत्सराचं कुणी लिहीत नाही. मला तर दोन वर्षं त्यानंच उठवलं अन् त्यानंच एसटीत बसवलं. डायलिसिसच्या मशीनवर पडून माझ्यासारखंच कुणी कुणावर जळत असेल, तर त्याला वाटू नये की आपण एकटेच असे नासके आहोत. म्हणून हे लिहिलं.

पायावरचा खड्डा

मी भूमच्या एका हायस्कुलात क्लार्क आहे. माहेर ईट गावचं. त्या वर्षी निकालपत्रकांचं काम चालू होतं आणि पाय सुजायला लागले. चपलेचा पट्टा रुतायचा. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि भरून यायला वेळ लागायचा. मी म्हणायची, दिवसभर खुर्चीत बसून झालं असेल. मग जेवण जाईना. जिना चढला की दम लागायचा.

तीन वर्षांपूर्वी मला बीपीची गोळी सुरू केली होती. दोन महिने घेतली, बरं वाटलं, सोडली. आमच्याकडं सगळे असंच करतात. गोळीची सवय लागते म्हणतात, आणि गोळी सुटली म्हणजे आजार सुटला असं समजतात. मी स्टाफरूममध्ये मिरवत सांगायची की माझी गोळी सुटली. वाचणाऱ्यांत कुणी असा शहाणपणा केला असेल तर उद्या सकाळी डॉक्टरकडं जा. माझं बाकी काही ऐकलं नाही तरी चालेल.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी यांना आत बोलावलं. हे म्हणजे माझे यजमान, एसटी डेपोत मेकॅनिक. मी शेजारीच बसलेली, पण डॉक्टर यांच्याशीच बोलत होते. म्हणाले, दोन्ही किडन्या जवळजवळ बंद आहेत.

हे म्हणाले, "पण दुरुस्त व्हत्याल ना, साहेब?"

जन्मभर गाड्या दुरुस्त केलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार. डॉक्टर म्हणाले, "दुरुस्त नाही होत. मशीनवर रक्त साफ करायचं, नाहीतर दुसऱ्या कुणाची तरी एक किडनी बसवायची."

बाहेर आलो तर आठवडी बाजार भरलेला. एक बाई वांग्याच्या ढिगापुढं उकिडवी बसून किडकं वांगं परत करण्यावरून हुज्जत घालत होती. मला तिचा इतका राग आला की सांगता येत नाही. हिला वांग्याशिवाय दुसरी काळजी नाही. मी तिच्याकडं बघत उभी राहिले आणि हे मला हाताला धरून गाडीकडं घेऊन गेले.

पाऊण लिटर

सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी भूमहून एसटी, धाराशिवच्या सेंटरवर चार तास मशीन, परत एसटी. डाव्या हातात शिरा जोडून फिस्टुला केलेला, त्यात दोन जाड सुया घालतात. तो हात कानाशी नेला की आत पिठाच्या गिरणीसारखी घरघर ऐकू येते. सुयांची सवय झाली. पाण्याची काही झाली नाही.

दिवसाला पाऊण लिटर पाणी. त्यातच चहा, त्यातच आमटी, त्यातच गोळ्या गिळायचं. उन्हाळा आपल्याकडचा. हे सकाळी माझं पाणी बाटलीत मोजून भरून ठेवायचे आणि स्वतः मला चोरून प्यायचे. स्वयंपाकघरात माठावर झाकण ठेवल्याचा आवाज आला की माझं डोकं फिरायचं.

"उजळ माथ्यानं प्या की," मी बाहेरून ओरडायची. "चोरून प्यालात की मला जास्त लागतंय."

मग हे माझ्यासमोर प्यायचे, तर त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली होताना दिसायची आणि मी त्यावरूनही बोलायची. बिचाऱ्यांनी पाणी प्यायचं तरी कुठं? डेपोत पिऊन यायला लागले.

सेंटरवर माझ्या शेजारच्या खाटेवर सास्तूरचे एक तात्या असायचे. साठी उलटलेली, डोक्यावर टोपी, चार वर्षं मशीनवर. त्यांनीच मला शिकवलं की पाण्यापेक्षा बर्फाचा खडा बरा. "गालात धरून ठिवायचा, चावायचा न्हाय. अर्धा तास जातोय बगा." पहिल्या वर्षात मला कुणी काही चांगलं दिलं असेल तर तो बर्फाचा खडा.

उजू

माझ्या बहिणीचं नाव उज्ज्वला. माझं छाया. आबांनी नावं ठेवतानाच निकाल लावून ठेवला होता असं मी म्हणायची, आणि आई म्हणायची, "छाये, लई बोलतीस."

दहावीला मला उजूपेक्षा जास्त मार्क होते. बारावीनंतर आबा म्हणाले, एकीलाच बाहेर ठेवता येईल, आणि थोरलीचं लग्न आधी. मी लग्न करून भूमला आले. तीन वर्षांनी उजू पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. तिथून नोकरी, तिथून स्वीडन. उत्तरेला उमेओ म्हणून गाव आहे, तिथं ती, तिचा नवरा आणि मुलगी ईरा. ईरा तिथंच जन्मलेली. मराठी थोडं कळतं, पण बोलायची सगळं स्वीडिश.

आम्हाला भाऊ नाही. अशा घरात भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. आबांनी त्यात आपली एक रीत घातली होती. चंद्राला ओवाळून झालं की उजूनं मला ओवाळायचं, कारण मी थोरली, भावाच्या जागी. आणि ओवाळलं की ताटात काहीतरी घालावंच लागतं, ताट रिकामं जाऊ देत नाहीत. म्हणजे दर वर्षी घालायचं मी, न्यायचं तिनं. रिबिनी, पेन, एकदा माझी स्वतःची कंपासपेटी. काय काय घातलं ते मला आजही पाठ आहे.

आजारपणात तिचा दर रविवारी दुपारी फोन यायचा, चेहरा दिसतो तसला. तिच्याकडं तेव्हा सकाळ. पळायला जाऊन आलेली असायची, गाल लाल. बोलता बोलता नळ सोडायची, मोठा काचेचा ग्लास भरायची आणि गटागटा प्यायची. मग दुसरा. नळ तसाच चालू. तिच्या मनात काही नव्हतं हे मला कळायचं. तरी वाटायचं, हिनं मुद्दाम करावं इतकं हे नेमकं माझ्या वर्मावर बसतंय.

आणि मधेच ईरा यायची, आईशी त्या भाषेत काहीतरी बोलायची. दोघी माझ्याकडं बघून हसायच्या. बोलण्यात 'मॉस्टर' हा शब्द सारखा यायचा. मी फोन ठेवल्यावर शोधलं. मॉस्टर म्हणजे आईची बहीण. त्या लोकांकडं मावशीला वेगळा शब्द आहे, इंग्रजीसारखं सगळ्यांना आंटी नाही. म्हणजे माझ्याबद्दलच चाललं होतं. माझ्या तोंडावर, माझ्या आजारपणात, मला कळू नये अशा भाषेत.

त्याच आठवड्यात मी स्वीडिश सुरू केलं.

टपालवाली

क्लास कुठला लावणार? मोबाईलवर कादंबऱ्या ऐकवणारं एक ॲप मिळालं. तिथल्या लोकांनी नवशिक्यांसाठी सोप्या भाषेत लिहिलेल्या कादंबऱ्या असतात, त्या आधी घेतल्या. पद्धत मीच ठरवली. सोमवारी एक प्रकरण नुसतं ऐकायचं, कळलं नाही तरी. बुधवारी तेच ॲपमधल्या पुस्तकात बघत ऐकायचं आणि अडलेले शब्द वहीत उतरवायचे. शुक्रवारी डोळे मिटून परत तेच. शाळेच्या दोनशे पानी वह्या, डावीकडं त्यांचा शब्द आपल्या लिपीत, उजवीकडं अर्थ. इंते म्हणजे नाही. वात्तेन म्हणजे पाणी. डावा हात सुयांमध्ये अडकलेला, त्यामुळं उजव्यानं लिहिताना वही सरकायची. सेंटरवरची सिस्टर येता-जाता वही सरळ करून द्यायची.

सोप्या पुस्तकांनंतर मी एक खरी, जाडजूड कादंबरी धरली. एका बेटावर होडीनं टपाल वाटणारी बाई, तिचा नवरा समुद्रात गेलेला परत आला नाही, आणि एक दिवस त्याच्या अक्षरातलं पाकीट तिच्याच थैलीत सापडतं. मी त्या बाईवरही जळायची. तिचा नवरा गायब, त्याचं मला काही वाटायचं नाही. पण ती दर दोन पानांना कॉफी करते. लोकांच्या घरी टपाल द्यायला जाते तर तेही कॉफी देतात. दमली की कपडे काढून तळ्यात उडी मारते. आणि मी गालात बर्फ धरून पडलेली.

तात्या शेजारून बघत असायचे. एक दिवस म्हणाले, "काय ऐकायलाव, बाई? एकलीच हासताव, एकलीच चिडताव."

मी त्यांना गोष्ट सांगितली. तेव्हापासून आमचं ठरून गेलं. शुक्रवारी मी ते प्रकरण आमच्या भाषेत सांगायचं. पलीकडच्या दोन खाटा पण कान द्यायला लागल्या. तात्यांना नवऱ्याचा संशय. "त्यो मेला न्हाय. बुडाला-बिडाला काय न्हाय, बायकोच्या तोंडाला भिऊन पळालाय." सांगता यावं म्हणून मला नीट समजून घ्यावं लागायचं, आणि त्यामुळंच भाषा लवकर आली. शिकायची असेल तर हा उपाय मी सांगेन. कुणाला तरी गोष्टीच्या नादी लावा, म्हणजे सुटका नाही.

कादंबरीतले लोक मधेच दचकल्यासारखा श्वास आत ओढायचे. वाचून दाखवणाऱ्याला दमा आहे की काय असं मला वाटलं. मग एका रविवारी उजूला तसं करताना पाहिलं. तिकडच्या उत्तरेतल्या लोकांची 'हो' म्हणायची ती तऱ्हा आहे. शब्दच नाही. ओठ थोडे मिटून श्वास आत ओढायचा, झालं हो. माझी बहीण माझ्याशी मराठीत बोलताना सुद्धा तसं करायची आणि तिला पत्ता नव्हता. ते मला फार लागलं. ती श्वाससुद्धा तिकडचा घ्यायला लागली होती.

सव्वा वर्ष असं गेलं. हे म्हणायचे, "पुस्तकापायी डोळे फोडून घेतीस," पण ॲपचं रिचार्ज न चुकता करायचे.

देवपण

किडनी द्यायची तर घरातलं कोण? यांना साखर निघाली. आईचं वय जास्त. डॉक्टर म्हणाले, बहीण असेल तर उत्तम. मी घरी आल्यावर स्पष्ट सांगितलं, उजूला कुणी विचारायचं नाही. मी मशीनवर मरेन पण तिच्याकडं मागणार नाही.

आईनं माझ्या पाठीमागं फोन केला. उजूनं कुणाला न सांगता तिकडंच तपासण्या केल्या, रिपोर्ट पुण्याच्या डॉक्टरांना पाठवले, सगळं जुळलं, आणि मग मला सांगितलं. "अक्का, दिवाळीला येते. जानेवारीत करून टाकू."

दुसरी कुणी असती तर रडली असती. माझ्या मनात पहिला विचार आला तो लिहिते. पुणं तिला, परदेश तिला, लेक तिला, आता देवपणही तिलाच. आणि मी जन्मभर तिच्या एका तुकड्यावर जगायचं, प्रत्येक घोटाला तिची आठवण काढून. मी म्हणाले, "बघू." ती म्हणाली, "बघू काय, तारीख घेतलीय."

त्याच्या पुढच्या रविवारी ती ओट्याशी उभी राहून बोलत होती आणि ईरा आत आली. बारा वर्षांची पोर, डोळे सुजलेले. आईचा हात धरून बोलायला लागली. मला जेवढं समजलं ते असं.

ती म्हणाली, "मॉस्टरला तू आवडत नाहीस. ती तुझ्याशी कधी हसत नाही. मग तू का देतेस?"

उजू म्हणाली, "मला माहीत आहे. ती आवुंदशूक आहे. लहानपणापासून. त्यात तिची चूक नाही."

हा शब्द माझ्या दुसऱ्या वहीत होता. आवुंदशूक म्हणजे हेवा करणारी. त्या भाषेत त्या शब्दाच्या पोटातच 'आजारी' हा शब्द आहे. लिहून घेताना मला गंमत वाटली होती.

ईरानं विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

उजूनं श्वास आत ओढला. मग म्हणाली, "पण तिला कळू द्यायचं नाही. कळलं तर ती नको म्हणेल."

आणि माझ्याकडं वळून हसली. "काय न्हाय अक्का, शाळेच्या सहलीचं बोलायली."

मी म्हणाले, "हां, सहल का. जाऊ दे की मग." आणि रेंज गेल्यासारखं करून फोन बंद केला.

सगळ्यात काय लागलं सांगू? भीतीचं नाही. 'त्यात तिची चूक नाही' हे लागलं. इतकी वर्षं मी जे झाकून ठेवलं असं समजत होते, ते तिला ठाऊक होतं, आणि तिनं मला माफ पण करून टाकलं होतं. मला न विचारता.

गप्प बसलेला महिना

तिला फोन करून 'घाबरत असलीस तर नको देऊ' म्हणायला दोन मिनिटं लागली असती. मी महिनाभर म्हणाले नाही. कारण साधं आहे. मला जगायचं होतं. माझ्या गप्प बसण्यावर ती येणार होती, आणि बोलले तर कदाचित येणार नव्हती. रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं, आणि बाटलीतलं पाणी बघितलं की तोंड मिटायची. चोरून ऐकायला शिकलेल्या भाषेनं मला असलं ओझं दिलं होतं, की जे खाली ठेवलं तर जीव जाईल आणि उचललं तर लाज.

एका शुक्रवारी मी गोष्ट सांगेना. तात्यांनी खोदून विचारलं तेव्हा सगळं ओकले. म्हणाले, "मग सांगा की तिला."

"सांगितलं अन् तिनं माघार घेतली तर?"

तात्यांनी मोकळ्या हातानं टोपी सरळ केली. मग म्हणाले, "मला दोन भाऊ हाईत, बाई. एकानं बी अजून रगत तपासून बगितलं न्हाय. इचारलं बी न्हाय. म्या लई दिस झालं तुमचा हेवा करायलोय. भ्यालेली का असंना, तुमाला बहीण हाय."

माझ्यावरही कुणी जळत असेल हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मी बर्फ मागवला, अर्धा त्यांना दिला, आणि टपालवालीचं राहिलेलं प्रकरण सांगितलं.

ओवाळणी

उजू दिवाळीला एकटीच आली, थेट ईटला. मी आणि हे पण गेलो. भाऊबीजेच्या संध्याकाळी अंगणात आईनं पाट मांडला. चंद्राला ओवाळून झालं. उजूनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं आणि रिवाजाप्रमाणं ताट पुढं करून उभी राहिली. हसत होती. "काय घालतीस गं यंदा?"

मी मांडीखालून वही काढली आणि निरंजनाच्या बाजूला ताटात ठेवली. दुसरी वही, मुद्दाम तीच.

तिनं ताट खाली ठेवलं, वही उघडली. एक पान, दुसरं पान. निळ्या शाईतलं माझं क्लार्कचं अक्षर, वळणदार, ओळीत. तिचे ओठ शब्द वाचताना हलत होते. आईला वाटलं भजनाची वही आहे.

"कधीपास्नं?" उजूनं विचारलं.

"गेल्या साली जूनपास्नं."

ती हिशोब करताना मला दिसली. सहलीच्या रविवारपर्यंत तिचा हिशोब पोचला आणि तिचा चेहरा उतरला. मी महिनाभर घोकलेलं वाक्य एकदाचं बोलून टाकलं. "भ्या वाटत असलं तर देऊ नको, उजे. मी मशीनवर राहीन. तात्या राहिलेत की इतकी वर्षं."

मला वाटलं होतं ती रडेल. ती भडकली.

"चोरून ऐकायलीस व्हय तू आमचं? वरीसभर? अन् मी येडी पोरीला सांगायली, अक्काला कळू देऊ नको."

"माझ्यासमोर बोलत व्हताव, चोरून कसलं? अन् माझी चूक न्हाय म्हणं. तू कोण ठरवणार माझी चूक हाय का न्हाय? हाय माझी चूक. जळते मी तुझ्यावर. दहावीपास्नं जळते."

"अन् मी न्हाय जळत?" उजूचा आवाज फाटला. "आबा गेले तवा त्यांचं डोकं तुझ्या मांडीवर व्हतं. मला फोनवर दाखवलं, ते बी पाय. आईला फोन केला की आई तुझंच सांगती, छायी असं म्हणली, छायी तसं म्हणली. माझं काय कळतंय तिला? मी तिथं बर्फात काय करते कुणाला ठाव हाय?"

आई उठून मधे आली. "सणाच्या दिशी काय लावलंय हे?" दोघींपैकी कुणीच तिच्याकडं बघितलं नाही. हे मात्र शहाणे. तांब्या उचलून गोठ्याकडं निघून गेले.

मग उजूनं नाक पुसलं आणि म्हणाली, "भ्या वाटतंय. लई वाटतंय. अन् देणार हाय. दोन्ही खरं हाय. आता ऊठ पाटावरून."

"कशाला?"

"मी बसते. तू ओवाळ. दर साली माझंच ताट भरायलीस, मला बी एकदा घालू दे की."

मी उठले, ती बसली. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बहिणीला ओवाळलं. ओवाळून ताट पुढं केलं तर तिच्याकडं घालायला काहीच नव्हतं. "माझी ओवाळणी पुण्यात," ती म्हणाली. ताट रिकामं जातंय बघून आईनं कनवटीची सुपारी सोडून घाईघाईनं त्यात टाकली. आम्ही दोघी हसलो. खरं म्हणजे मला हसायचं नव्हतं, माझा राग अजून गेला नव्हता.

आता

आता ऑपरेशनला आठ महिने झाले. डॉक्टर म्हणतात, रोज तीन लिटर पाणी प्या. मला कंटाळा येतो आणि हे बाटली घेऊन मागं लागतात. मी तोंडाला मास्क लावून शाळेत जाते. तात्यांना दर शुक्रवारी फोन करते, दुसरी कादंबरी चालू आहे. टपालवालीचा नवरा शेवटी जिवंतच निघाला, तात्यांनी दोन दिवस ते सगळ्या सेंटरला ऐकवलं.

मत्सर गेला का? नाही गेला. उजूला दुर्बिणीतून काढली म्हणून तिच्या पोटावर तीन बारके डाग आणि खाली एक छोटा काप. माझ्या पोटावर हा एवढा आडवा. मी तिला फोटो पाठवून म्हणाले, बघ, इथंही तुझंच बरं. तिनं उत्तर दिलं, "दोन किडन्या असणारीनं बोलू नये." तिला वाटतं, माझी एक जुनी काढून तिची बसवली. पण जुन्या दोन काढत नाहीत, आत तशाच ठेवतात. म्हणजे माझ्या पोटात आता तीन आहेत. तिच्या हे लक्षात आलं नाही, आणि मी सांगितलंही नाही.

ऑपरेशनच्या आधी एका समितीसमोर आमची मुलाखत झाली. तिथल्या साहेबांनी उजूला विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का. ती म्हणाली, "हाय की. अक्काचा. देऊ नको म्हणून."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आम्हाला शेजारी शेजारी स्ट्रेचरवर आणलं. हिरवे कपडे, डोक्याला टोप्या, हातातल्या बांगड्या काढलेल्या. आई मधे उभी, एक हात तिच्या कपाळावर, एक माझ्या. आधी उजूला आत नेणार होते. तिनं मान वळवली. आईसमोर विचारता येत नव्हतं, म्हणून तिनं त्या भाषेत विचारलं. दीड वर्षात इतके तास मी ती भाषा ऐकली होती, पण त्यातलं मला उद्देशून कुणी बोललेलं ते पहिलंच वाक्य.

तिनं विचारलं, "भीती वाटते?"

मला शब्द येत होते. वहीत पानंच्या पानं भरलेली होती. मी ओठ मिटले आणि श्वास आत ओढला.

उजू माझ्याकडं बघत राहिली. मग तिनंही ओढला.

आईला वाटलं दोघींना एकदम धाप लागली. ती सिस्टरला हाका मारत पळत सुटली.